आज कुणाचा दिस?

चिंचमाळ, ता. इंदापूर
४ जून १९९४

तीन महिन्यांत एक कार्ड, आन त्यावर अक्षर मेघनाचं. "इकडे सर्व कुशल. ह्यांना कामामुळे लिहायला सवड नाही." बँकेत दिवसभर लोकांच्या कागदावर सह्या करणाऱ्याला आजीला चार ओळी लिहायला हात उचलत न्हाय व्हय? का हातावरनं वारं गेलंय? तसं असंल तर कळव, सांगवीच्या वैद्याकडनं तेल मागवते.

जयभीम. मी रंगुबाई गंगाराम, तुझी आजी. वळख देते, कारण तू इसरलास असं दिसतंय. हे पत्र कुणाकडनं लिहून घेतलेलं न्हाय. शाळेच्या पडवीत दुपारचा साक्षरतेचा वर्ग भरतो, तितं मी जाते. 'ळ' अजून वाकडा निघतो, बाकी समदी अक्षरं ऐकतात.

मास्तरीण म्हणते, पत्र एकदम मधनं सुरू करू नये, पयल्यापासनं लिहावं. म्हणून तुला ठावं असलेलंच लिहिते, बुद्धघोषा. त्यात माझा सराव हुतो, आन तू कुठं चुकलास ते तुला परत एकदा वाचावं लागतं.

आपल्या वस्तीपासनं मसणवट्याला जायची वाट आप्पासाहेबाच्या रानाच्या कडंनं व्हती. माझ्या सासूला त्याच वाटनं नेलं, सासऱ्याला त्याच वाटनं नेलं. तीन सालाखाली आप्पासाहेबानं ती वाट नांगरली आन उसात घातली. गेल्या पावसाळ्यात तुझा आज्जा गेला, तर त्याला वढ्यातनं न्यावं लागलं. छातीएवढं पाणी. तिरडी डोक्यावर धरून तुमी चौघं चाललेलं, आन मधीच एकाचा पाय घसरला. तुझ्या आज्ज्याचं डोकं भिजलं. जित्तेपणी त्या माणसानं डोक्यावर कधी गार पाणी घेतलं न्हाय.

तवा तू पेटलास. पेटायलाच पायजे व्हतं, त्याला माझी ना न्हाय. तलाठ्याकडनं गावाचा नकाशा काढलास. त्यात वाट टिंबाटिंबानं दावलेली निघाली. तहसीलदाराला अर्ज दिलास. कागद आपल्या बाजूला आला. मग तू गावाला बोलवलंस, आन गाव व्हतं तितनंबी मागं गेलं.

वीस मार्च तू नेमलास, का तर चवदार तळ्याचा दिवस, आन त्यात रविवार, तुझ्या बँकेला सुट्टी. दिवस थोर हाय, त्याला माझा नमस्कार. पर चाळीस दिवसांनी पाटाला पाणी सुटलं व्हतं ते त्याच दिवशी. ज्याची पाळी चुकली त्याचं पीक पुढल्या पाण्यापातूर वाळलं. समदं गाव रानात दारं धरीत व्हतं, हातात खोरं आन पोटरीपातूर चिखल. चावडीपुढं जमलो आपण अकरा जण. त्यातलं दोघं तुझं पुण्याचं मित्र. आन एक कुत्रं.

लोकं कुठं हायत, हे तू इच्यारलं न्हायस. माईक धरलास आन वरडलास, "हे गाव म्हणजे मेंढरं आहेत, मेंढरं! पुढचं जाईल तिकडे मान खाली घालून जाणारी!" अरं, अर्धं गाव धनगराचं. तुझा कर्णा पाटापातूर ऐकू जात व्हता. माणसं खोरं टेकवून हुबी राह्यली ऐकायला. त्यांना वाटलं, आपल्या वाटंबद्दल काय तरी बोलतोय पोरगा. तू बोललास त्यांच्या मेंढरांबद्दल.

मी तुझा सदरा वढला. म्हणलं, "बस खाली." त्याचा तुला राग. "आजी, तूसुद्धा त्यांच्यातलीच. वाट मोकळी झाल्याशिवाय या गावात पाऊल ठेवणार नाही," असं म्हणून सांजच्या यष्टीनं गेलास. वाट मोकळी व्हायच्या आत मी गेले तर काय करणार, ते सांगितलं न्हायस. वढ्याच्या पल्याड हुबा राहून हात हालवणार?

तर ऐक. मी वढ्यातनं जाणार न्हाय. मला पवता येत न्हाय. मी वाटनंच जाणार, आन ती वाट मी मोकळी करून घेणार. कशी, ते अजून मला ठावं न्हाय, पर करणार.

एक सांगायचं राह्यलं. वर्गात माझ्या शेजारी बानूबाई बसते, दत्तोबा धनगराची. तुझ्या भाषणाच्या दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन आली ती दोन हात लांब बसली. म्हणलं, "का गं, मधी कोण यायचंय?" तर म्हणली, "न्हाय. मेंढराचा वास यील तुमास्नी."

आप्पासाहेबाला झोडपायला गेलास, आन लागलं ते बानूबाईला.

उत्तर दे.

तुझी आजी


२१ ऑगस्ट १९९४

परत मेघनाचंच अक्षर. मेघे, तुझं अक्षर मोत्यावानी हाय, त्याबद्दल तंटा न्हाय. पर मोती मी मागितलं न्हवतं.

बुद्धघोषा, जयभीम. हितं एक गंमत झाली ती लिहिते.

तुला सावड ठावं हाय, का पुण्यात गेल्यावर तीबी इसरली? आज माझ्या रानात तुमी खुरपा, उद्या तुमच्या रानात मी. पैका न्हाय, मजुरी न्हाय, हाताला हात. सकाळी बाया बांधावर जमल्या की पुढची बाई इच्यारते, "आज कुणाचा दिस?" मग जिचं रान तिचं नाव समद्यांनी घ्यायचं, आन मगच खुरपं टेकायचं. नाव घेतल्याबिगर काम सुरू करत न्हायत. पर आजवर आपली सावड आपल्यात, धनगरांची धनगरांत आन बागायतदारांना तर सावडीची गरजच न्हाय, ते मजूर लावतात.

गेल्या मंगळवारी दत्तोबाची मेंढरं आप्पासाहेबाच्या उसाच्या कडंला गेली. दत्तोबाचं गुडघं गेल्यात, तो आता कोकणात उतरत न्हाय, हितंच शिवारात चारतो. आप्पासाहेबाच्या गड्यांनी साठ मेंढ्या हाकून कोंडवाड्यात घातल्या. सरपंच हिंदुरावानं कुलूप घातलं, म्हणला, "दंड भर, मग सोडू." दत्तोबा दंडाची जमवाजमव करायला वरकुट्याला पाव्हण्यांकडं पळाला. पर मेंढ्या कोंडवाड्यात आन कोकरं वाड्यावर. पितं कोकरू किती येळ दम धरणार?

बानूबाई वर्गाला आली न्हाय. मी तिच्याकडं गेले. दारात चाळीस कोकरं वरडत्यात आन ही मधी बसलेली, डोक्याला हात लावून. म्हणलं, "हितं बसून दूध यील का?"

"मग काय करू? सरपंचाच्या पाया पडू?"

"त्याचं पाय कशाला? त्याचं कान धरू."

वस्तीवर येऊन मी बाया गोळा केल्या. तर नकोशी, आपल्या शेजारची, कमरंवर हात ठेवून हुबी. "धनगरांनी आपल्याला कवा पाणी दिलं गं, रंगूआत्ती? आपला माणूस वढ्यातनं गेला तवा कोण आलं व्हतं?"

म्हणलं, "कुणी न्हाय. आपणबी त्यांच्याकडं कवा गेलो? कुणी तरी पयला दिस दिल्याबिगर सावड सुरू हुती का? आज आपण देऊ."

"आन त्यांनी परत दिला न्हाय तर?"

"तर चाळीस कोकरं प्याली एवढं तरी खरं."

चौदा बाया निघाल्या. बानूबाईकडच्या सात. एकेकीच्या काखंत दोन दोन कोकरं. कोंडवाड्याच्या दारात नेऊन सोडली. आतनं साठ मेंढ्या, भाईरनं चाळीस कोकरं, मधी गजाचं दार. असा गलका झाला की शेजारच्या शाळेतली पोरं उजळणी सोडून भाईर आली. पंचायतीत हिंदुरावाची कसली तरी बैठक चालली व्हती, त्याला सवताचं बोलणं ऐकू यीना.

भाईर येऊन म्हणला, "हे काय लावलंय? न्या ती पिल्लं!"

मी म्हणलं, "हिंदुराव, आमी कुठं काय म्हणतो? बोलत्यात ती. त्यांची समजूत घाला."

त्यानं बघितलं. एक कोकरू गजातनं तोंड घालून आचळ धुंडत व्हतं आन त्याला पोचत न्हवतं. हिंदुरावाच्या म्हातारीचं बाजलं तिथंच पंचायतीच्या पडवीत असतं. ती उठून बसली आन म्हणली, "हिंद्या, तुला मी दुसऱ्याच्या दाराशी प्यायला सोडलं व्हतं का रं?" अर्ध्या तासात कुलूप निघालं. दंड नंतर बघू म्हणला. अजून बघतोच हाय.

चार दिवसांनी माझ्या तुकड्यात भुईमुगाला खुरपणी व्हती. सकाळी बघते तर बांधावर बानूबाई, खुरपं घेऊन. तिच्यामागं सहा जणी. तिनं इच्यारलं, "आज कुणाचा दिस?"

माझं नाव त्यांच्या तोंडून पयल्यांदाच ऐकलं. बरं वाटलं. जास्त लिहीत न्हाय, तुला वाटंल म्हातारी इरघळली.

उत्तर तू लिही. मेघनाला सुट्टी दे.


११ डिसेंबर १९९४

मला इकली गेलेली म्हणायला तुला बायकूचा हात लागतो का? सवताच्या हातानं लिहिलं असतंस तर निदान शिवी ताजी आली असती.

मेघे, तू लिहिलंस ते समदं वाचलं. "हे म्हणतात की आजीने आपली मागणी दुधाच्या कॅनमध्ये घातली. हे म्हणतात की हक्क मागायचा असतो, गोड बोलून मिळवायचा नसतो." ह्यांना माझं उत्तर हे.

आधी काय झालं ते सांगते, कारण तुमाला अर्धंच कळलंय. आप्पासाहेबाची चुलती साखरबाई. नवरा गेला, पोर न्हाय. तिची दोन एकर आन गोठा आप्पासाहेबाच्या उसाच्या मागं. वाट नांगरली तवा तिचीबी नांगरली गेली. चार जर्सी गाया हायत, दुधाचा कॅन डोक्यावर घेऊन पार पाटाच्या कडंनं वळसा घालून डेअरीला जाते, आन पोचेपातूर उन्हानं दूध फाटतं. पुतण्याशी बोलायची सोय न्हाय, तो म्हणतो, "रान मला लिहून दे, घरात बसून खा."

तीबी वर्गाला येते. पयल्या दिवशी सवता पाट घेऊन आली व्हती बसायला. अक्षरं काढता काढता एकदा म्हणली, "रंगुबाई, तुमची आन माझी वाट एकच गेली की गं."

म्हणलं, "तुमची जित्त्याची गेली, आमची मेल्याची. एकत्र मागू."

ती बिचकली. पर आली. कार्तिकात ज्वारीच्या खुरपणीला सावडीला आली, आप्पासाहेबाच्या घरची बाई आपल्या वस्तीच्या रानात. पयल्या दिवशी पाण्याचा तांब्या सवता आणला व्हता. दुसऱ्या दिवशीबी. तिसऱ्या दिवशी इसरली, का इसरल्यासारखं केलं, ती जाणे. आमच्या कळशीतलं प्याली. नकोशीनं तेवढं माझ्याकडं बघून भुवई उडवली.

तवापासनं गावात बोलणं सुरू झालं. दत्तोबाला मेंढरं न्यायला तीच वाट लागते. वरच्या वस्तीच्या पोरींना शाळंला तीच जवळ पडते. आमी कुणाच्या दारात जाऊन 'आमाला पाठिंबा द्या' म्हणलं न्हाय. ज्याच्या रानात त्याचं काम, आन काम करता करता गोष्ट. तू कर्ण्यातनं जे सांगितलंस तेच, फक्त वाकून.

आता तुझं म्हणणं, मी मागणी झाकली. न्हाय. मी काय झाकलेलं न्हाय. मसणवाट ती मसणवाटच हाय आन समद्यांना ठावं हाय. सव्वीस जानेवारीला ग्रामसभा हाय, तितं ठराव व्हायचाय. आप्पासाहेबाचा ऊस पंधरा जानेवारीच्या आसपास तुटंल. ऊस तुटल्यावर खोडवा फुटायच्या आत वाट आखली तर आखली, एकदा का कोंब वर आला की तो म्हणंल, हुब्या पिकातनं जाऊ देत न्हाय. मधी दहा-पंधरा दिस हायत, त्यात मला तुझ्याशी भांडायला येळ न्हाय.

येणार असशील तर ये. न्हाय आलास तर ठराव तुझ्याबिगर हुईल.


२७ जानेवारी १९९५

मागल्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. पयलं हे लिहून टाकते, म्हंजे पुढचं लिहिताना मान वर राहील.

साखरबाईनं मला अट घातली व्हती. म्हणली, "मसणाचं नाव घेऊ नका. माझ्या गोठ्याच्या दारातनं मसणवाट म्हणल्यावर भावकी मला उभी चिरंल. दुधाचा रस्ता म्हणा, मी समदी भावकी आणते." मी कबूल झाले. मनात म्हणलं, वाट झाली की तिरडी न्यायला कोण अडवतो? नाव कशाला पायजे? मढ्याला पाटी वाचता येत न्हाय.

जयभीम. आता काल काय झालं ते ऐक.

झेंडावंदन झालं आन चावडीपुढं सभा बसली. बायका किती असतील म्हणतोस? साठाला कमी न्हाय. हिंदुरावानं टोपी सारखी करून बघितलं, म्हणला, "आज हळदीकुंकू हाय का काय हितं?" बानूबाई म्हणली, "कोंडवाड्यात मावत न्हाय, म्हणून हितं बसलोय." हशा झाला. तितंच अर्धं काम झालं. हसलेला माणूस लगेच भांडत न्हाय.

वाटंचा विषय निघाला. आप्पासाहेब उठला. "रान माझ्या मालकीचं. नकाशा इंग्रजाच्या काळातला हाय. इंग्रज गेला, वाटबी गेली."

साखरबाई बसल्या जागेवरनं म्हणली, "मग तुझा सातबारा रं? त्याची रीतबी त्यांनीच घातली. तोबी पाठवायचा का त्यांच्यामागं बोटीनं?"

चुलती सभेत बोलंल असं त्याला सपनातबी वाटलं नसंल. त्यानं इकडंतिकडं बघितलं. त्याच्याच भावकीतली माणसं मिशीत हसत व्हती. मग हळूच मऊ झाला. म्हणला, "बरं. दुधासाठी देतो. चुलतीच्या गोठ्यापातूर दहा फूट सोडतो. लिहा ग्रामसेवक, 'दूध वाहतुकीसाठी शेतरस्ता, साखरबाईच्या गोठ्यापर्यंत.'"

टाळ्या पडल्या. ग्रामसेवक लिहायला लागला. आन माझ्या ध्यानात आलं. गोठा हितं, आन मसणवटा त्याच्यापुढं दोन तुकडं सोडून. वाट गोठ्यात संपणार. गाया पोचणार, मी न्हाय.

उठून बोलायला पायजे व्हतं. बुद्धघोषा, मी उठले न्हाय. तुला पटायचं न्हाय. मी शबूद दिला व्हता. साखरबाई बाजूला बसलेली, तिनं आपला निम्मा संसार पणाला लावलेला. काय म्हणून उठू? जे झाकलं ते मीच झाकलं व्हतं. चांगलं दडपून, दोन्ही हातांनी. तू म्हणला व्हतास तसंच.

तेवढ्यात बानूबाई हुबी राह्यली. मला वाटलं, पाणी प्यायला उठली. ती मोठ्यानं म्हणली, "आज कुणाचा दिस?"

पुरुषांना काय कळलं न्हाय. हिंदुराव म्हणला, "सव्वीस जानेवारी हाय, बाई. समद्यांचाच."

तिनं त्याच्याकडं बघितलंबी न्हाय. बायकांकडं तोंड करून परत इच्यारलं, "मी काय म्हणते? आज कुणाचा दिस?"

नकोशी म्हणली, "रंगुबाईचा."

मग मागनं एक, मग डाव्या अंगाला चौघी. मग धनगरणी समद्या. "रंगुबाईचा." "रंगूआत्तीचा." बांधावर म्हणतात तसं, सरळ, कामाच्या आवाजात. घोषणा न्हाय, काय न्हाय. साठ बायकांनी माझं नाव घेतलं. राह्यली एक साखरबाई.

तिनं पदर डोक्यावरनं पुढं वढला. मग म्हणली, "नाव घेतल्याबिगर खुरपं टेकत न्हायत." आन ग्रामसेवकाकडं हात करून, "खोडा ते. दूध मधीच थांबलं तर नासतं, मेलेला माणूस मधी थांबला तर गाव नासतं. शेवटापातूर लिवा. बौद्ध वस्तीच्या स्मशानभूमीपातूर. नाव घालून लिवा."

ग्रामसेवकानं आप्पासाहेबाकडं बघितलं. हिंदुराव म्हणला, "तिकडं काय बघतोस? हात वर करा, कोण कोण?" हात वर झालं. बायकांचं तर झालंच. दत्तोबाचा झाला, वरच्या वस्तीचं झालं, आप्पासाहेबाच्या उसाला पाणी देणाऱ्या गड्याचा झाला. त्यानं अर्धा वर केला, पर केला.

आप्पासाहेब हुशार हाय. वाऱ्याच्या उलटं हुबा राहात न्हाय. म्हणला, "खोडवा फुटायच्या आत आखून घ्या. नंतर एक कोंब मोडला तर बघा," आन गेला.

मी ठराव वाचायला मागितला. ग्रामसेवक म्हणला, "आजी, वाचता येतं व्हय?" म्हणलं, "'ळ' काढता येत न्हाय नीट, वाचता येतो." बोट ठेवून वाचला. स्मशानभूमी हा शबूद लई अवघड हाय. दोनदा वाचला.

आता तुझं नि माझं. तू म्हणलास ते खरं व्हतं, झाकायला नको व्हतं. पर तुझ्या सभंला कर्णा व्हता, झेंडा व्हता, कागद व्हता, काय झाकलेलं न्हवतं, आन माणसं अकरा. मी झाकलं, पर साठ जणी आणल्या, आन त्यातली एक उठली आन दुसरीनं उघडं केलं. मी उघडं केलं असतं तर ती माझी मागणी झाली असती. तिनं केलं म्हणून ती गावाची झाली. तू बँकेत हायस, तूच ठरव कोण किती चुकलं. मी माझं निम्मं लिहून दिलंय. तुझं निम्मं अजून तुझ्याकडंच हाय.


२४ फेब्रुवारी १९९५

गड्या, तुझ्या मेंढरांनी वाट केली, आन तुला त्याचं काहीच न्हाय. मेघनाच्या कार्डात तीन ओळी, त्यातली एक पुण्यात गारठा हाय म्हणून. गारठा हितंबी व्हता. त्यातच आमी दोऱ्या धरल्या.

जयभीम. मी खुशाल. गुडघं कुरकुरतात, पर माझ्यापुढं कुरकुर करून कुणाचं चाललंय?

ठराव झाला तवा ऊस तुटलेलाच व्हता. तलाठी नकाशा घेऊन आला, तूच काढलेला तो. तो कागद नसता तर दोरी कुठं धरायची ते कळलं नसतं, हे आपलं लिहून ठेवते, नंतर म्हणशील आजीनं माझं काय मानलं न्हाय. चुन्याच्या रेघा मारल्या. पर बुडखं तसंच व्हतं की. नांगरलेली भुसभुशीत जमीन, त्यात उसाची खोडं, आन त्यांना कोंब यायला लागलेलं. खांदेकऱ्यांचा पाय घोट्यापातूर जाईल अशी. ट्रॅक्टर कोण देणार? ट्रॅक्टर आप्पासाहेबाचाच.

दत्तोबा हुबा राहून बघत व्हता. म्हणला, "रंगुबाई, आमच्या समद्या वस्तीची मिळून दीडशे मेंढरं हायत. सहाशे पाय. ट्रॅक्टरला चाकं किती?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कळप आणला. रेघांच्या आत घातला, वस्तीपासनं मसणवट्यापातूर, आन परत. दोन्ही कडंला बाया हुब्या, भाईर जाऊ द्यायचं न्हाय, आप्पासाहेबाचा कोंब मोडायचा न्हाय. सांगितलं व्हतं न्हवं त्यानं. चुन्याच्या आतलं कोंब मेंढरांनी खाल्लं, मुळापातूर. बुडखं तुडवली. ढेकळं फोडली. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ कळप जातोय आन येतोय. चौथ्या दिवशी जमीन अशी बसली की साखरबाईनं गोठ्यातनं सायकलवर कॅन बांधला आन एका पोराला म्हणली, "जा, न हलवता ने." दूध हिंदकळलं न्हाय.

ती समदी पुढचं जाईल तिकडं मान खाली घालून जाणारीच व्हती, बुद्धघोषा. तू म्हणलास ते खरं हाय. तशी चालली म्हणूनच वाट झाली. एकटं मेंढरू मान वर करून कुठंबी गेलं असतं, त्याची वाट पडत न्हाय. बघायचं एवढंच की पुढं कोण हाय. पुढं दत्तोबा व्हता, लंगडत.

बानूबाई बांधावर माझ्याशेजारी हुबी व्हती. मी म्हणलं, "काय गं, वास येतोय का?" ती म्हणली, "येतोय की. सवय करा."

काल मी चालत गेले. वस्तीपासनं तुझ्या आज्ज्याच्या जागेपातूर, एकटी, काठी न घेता. पाय कोरडं. तितं जरा बसले. त्याला सांगितलं, वाट झाली, घाई करू नको, मी अजून यायची न्हाय, ज्वारी काढायची हाय. आन परत आले. पुढल्या येळी चौघं आणतील, तवा मला वाट बघायची सवड नसंल, म्हणून आधी बघून घेतली. रुंद हाय. तिरडीबरोबर दोन्ही कडंला दोन दोन माणसं चालतील. एका कडंला धनगर चालतील असं दत्तोबानं सांगितलंय. दुसऱ्या कडंला कोण, ते मी इच्यारलं न्हाय. तिथं एक जागा रिकामी ठेवलीय.

तर आता तुझी आण फिटली. वाट मोकळी हाय, गावात पाऊल ठेवायला तुला कुणाची ना न्हाय. पर त्याच्या आधी एक काम हाय.

उत्तर लिहायचं. तू, तुझ्या हातानं. मेघनानं न्हाय, आन टाइपबी करायचं न्हाय. आन मला लिहायचं न्हाय, माझं तुझ्याकडं काय राह्यलेलं न्हाय. बानूबाईला लिहायचं. बानूबाई दत्तोबा, धनगरवस्ती, चिंचमाळ. वीस मार्चला कर्ण्यातनं काय म्हणलास ते तिनं कानानं ऐकलं, आता काय म्हणतोस ते तिला डोळ्यांनी वाचू दे. गेल्या महिन्यात ती परीक्षा पास झाली, माझ्यापरीस चार मार्क जास्त. अक्षर मोठं काढ, जोडाक्षरं कमी घाल. तुझं अक्षर कुठलं आन मेघनाचं कुठलं, हे मी तिला कार्डं दाखवून शिकवलंय. फसायची न्हाय ती.